दुसऱ्या वर्षाचं दार

इंजिनीअरिंगची साठ जणांची तुकडी मंजूर असेल, तर डिप्लोमा करून आलेल्या मुलांसाठी तिच्या दुसऱ्या वर्षात जादा जागा असतात सहा. मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के, हा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा हिशेब. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही यात मिळवतात. पण नावाजलेल्या कॉलेजात, मागणी असलेल्या शाखेत जागा रिकाम्या राहतात कुठे? त्यामुळे नांदेडच्या विष्णुपुरीतली श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था असो, पुण्याचं सीओईपी असो की मुंबईचं व्हीजेटीआय, खरी झुंज त्या मोजक्या जागांसाठीच चालते. त्या जागाही पुन्हा प्रवर्गांत वाटलेल्या. नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांचा जीव जूनपासून सप्टेंबरपर्यंत या जागांना टांगलेला असतो. वर्तमानपत्रांत मात्र बातमी येते ती नीट आणि जेईईची.

याचं सरकारी नाव ‘थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकी प्रवेश’. मुलं म्हणतात डीएसई, किंवा नुसतंच ‘डायरेक्ट सेकंड इयर’. एका संस्थेतलं शिक्षण हिशेबात धरून दुसऱ्या, अधिक मानाच्या संस्थेत मधूनच दाखल होण्याची सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. आयआयटीच्या बी.टेक.ला असं मधलं दार नाही. साध्या पदवीला विद्यापीठ बदलता येतं, पण त्यासाठी स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र आणि विषयांची समकक्षता अशा तीन खिडक्या पार कराव्या लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक सुरू केली. निम्मे श्रेयांक तरी पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवले पाहिजेत, ही तिची अट. पण श्रेयांक खात्यावर जमा होणं वेगळं आणि नामांकित कॉलेजच्या वर्गात बाक मिळणं वेगळं. मराठवाड्यातल्या मुलासाठी खरोखर उघडं असलेलं आणि वर्षानुवर्षं वापरात असलेलं दार हेच, पॉलिटेक्निकमधून निघणारं.

आणि तरीही आपल्याकडे ‘पोराला डिप्लोमाला टाकलं’ हे वाक्य खालच्या आवाजात म्हटलं जातं. याचं कारण आपल्या गावांच्या लौकिकातच आहे. लातूरमध्ये दयानंद महाविद्यालय १९६१ चं, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं; बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या काळात या शहराने अकरावी-बारावीच्या अभ्यासाची जी शिस्त बसवली, तिला अख्खा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागला. ती मेहनत खरी आहे, तिचा मला अभिमानही आहे. पण त्या प्रकाशात बाकीचं दिसेनासं झालं. नांदेडला बाबानगर-श्यामनगर भागात शिकवण्यांचे फलक मोजताना मान दुखते. त्याच बाबानगरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, पण गावाकडून आलेला बाप त्याच्या फाटकासमोरून शिकवणीचा पत्ता विचारत पुढे जातो. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, मुलींसाठी निवासी महिला तंत्रनिकेतन आहे. दहावीच्या गुणांवर तिथे प्रवेश मिळतो आणि फी शिकवणीच्या मानाने नगण्य असते.

साधी बेरीज करून पाहा. दहावीनंतर दोन वर्षं बारावी आणि चार वर्षं पदवी, झाली सहा. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि थेट दुसऱ्या वर्षापासून तीन वर्षं पदवी, तीही सहा. एकही वर्ष वाया जात नाही. उलट तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मुलाच्या हातात पदविका असते. घरची परिस्थिती बिघडली, तर कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीला तो बसू शकतो. बारावी झालेल्याच्या हातात त्या वयात एक गुणपत्रिका आणि एका प्रवेश परीक्षेचा निकाल असतो.

डीएसईला सीईटी नाही. राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्षच ही प्रक्रिया चालवतो, पण यादी लागते पदविकेच्या गुणांवर; आणि तंत्रशिक्षण मंडळाच्या मुलांसाठी ते गुण म्हणजे शेवटच्या वर्षाचे, पाचव्या आणि सहाव्या सत्राचे. पहिल्या वर्षी गांगरलेला, इंग्रजी पुस्तकाला घाबरलेला, दोन विषय राहिलेला मुलगा तिसऱ्या वर्षी सावरला, तर यादीत त्याचं ते सावरणंच धरलं जातं. गावातल्या मराठी शाळेतून थेट इंग्रजी व्याख्यानात जाऊन पडलेल्या लेकराला यापेक्षा न्याय्य हिशेब मला ठाऊक नाही. पात्रतेला ४५ टक्के पुरतात, राखीव प्रवर्गाला ४०. पण पात्र असणं आणि त्या सहांत असणं यांत जे अंतर आहे, ते दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांत मोजलं जातं. म्हणून पाचव्या सत्रातली प्रात्यक्षिकं, प्रकल्प, अंतर्गत गुण यांतलं काहीही हलक्यात घेऊ नये. ‘आता शेवटचं वर्ष, पास झालं की झालं’ असं म्हणणारे मित्र याच वर्षात भेटतात.

बी.एस्सी. झालेल्यांनाही हे दार आहे, बारावीला गणित असेल तर. मात्र त्यांचा नंबर डिप्लोमावाल्यांच्या नंतर, आणि पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी आलेखन व यामिकी हे विषय त्यांना मागाहून सोडवावे लागतात.

गुण मिळाले तरी कागद उरतात. माझी भाची उदगीरची. तिचा सहाव्या सत्राचा निकाल नव्वदच्या आसपास लागला तेव्हा ताईने गल्लीत पेढे वाटले. कागद तपासताना कळलं, की नॉन-क्रिमीलेअरची मुदत मार्चअखेर संपलेली. दाजींनी एका कचेरीत नव्याने अर्ज केला, आठ खेपा घातल्या. तारीख निघून गेली तर पोरगी खुल्या प्रवर्गात मोजली जाणार होती. शेवटच्या दिवशी दुपारी दाखला हातात आला. तो दिवस आठवला की अजून माझ्या पोटात गोळा येतो. मराठवाड्यात हे दुखणं जास्त खोल आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो; आजोबा-पणजोबांच्या नोंदी उर्दूत, कुठे मोडीत, आणि जात वैधतेसाठी त्याच शोधाव्या लागतात. म्हणून माझं सांगणं एवढंच, की वैधतेचा अर्ज पाचवं सत्र संपताच करा, आणि उत्पन्नाचा, नॉन-क्रिमीलेअरचा एप्रिल लागताच. निकालानंतर धावणारा मुलगा कचेरीच्या वेगाने धावतो, स्वतःच्या नव्हे.

मग येतो ऑप्शन फॉर्म. इथे शहाणीसुरती माणसंही चुकतात. ‘सीओईपी वर लिहिलं आणि नाही लागलं तर नांदेडही जाईल’ ही भीती मी अनेक घरांत ऐकली. तसं होत नाही. संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेका मुलाची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे त्याला जागा आहे तिथे थांबतो; वरचा पर्याय हुकला म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. धोका दुसरीकडे आहे. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप कायम होते, पुढच्या फेरीत सुधारणा नाही. तेव्हा पहिल्या ओळीत मित्राने सांगितलेलं नव्हे, तर जिथे खरंच शिकायचं आहे तेच कॉलेज आणि तीच शाखा लिहावी. पदविका कोणत्याही शाखेची असली तरी पदवीला शाखा बदलता येते, आणि बरीच मुलं यंत्र किंवा स्थापत्यावरून संगणकाकडे वळतात. वळायला हरकत नाही. फक्त तीन वर्षं हाताने शिकलेलं सगळं मागे ठेवून आपण निघतो आहोत, हे कळून वळावं.

फीबद्दल एक गोष्ट मुलींच्या घरात ठळक सांगायला हवी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. फेरीची वाट न पाहता व्यवस्थापन कोट्यातून जागा ‘पक्की’ करणारा बाप लेकीची ही सवलत घालवून बसतो.

इथपर्यंतचं सगळं पार करून मुलगी वर्गात पोहोचते, आणि मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट तिथे सुरू होते.

भाचीचा प्रवेश एका नावाजलेल्या कॉलेजात झाला. फेऱ्या संपेपर्यंत तिसऱ्या सत्राचे वर्ग सुरू होऊन आठवडे उलटले होते. दहा-बारा दिवसांनी तिचा फोन आला. “मामा, लॅप्लास म्हणून काहीतरी शिकवायलेत. मला पहिल्या ओळीलाच कळंना झालंय.” वर्कशॉपमध्ये ती सगळ्यांच्या पुढे होती. बारावीवरून आलेली मुलं जे यंत्र पहिल्यांदा हाताळत होती, त्यावर तिने डिप्लोमात दोन वर्षं काम केलं होतं. आलेखन तर तिच्या बोटांत होतं. अडलं फक्त गणितात. डिप्लोमात गणित असतं पहिल्या वर्षात, दोन सत्रं: साधे विकलन, संकलन, पहिल्या कोटीची विकलक समीकरणं. पुढची दोन वर्षं गणिताचा स्वतंत्र पेपर नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला मात्र सारण्या, आंशिक विकलन, दुहेरी-तिहेरी संकलन होऊन गेलेलं असतं, आणि तिसऱ्या सत्राचे शिक्षक तिथून पुढे शिकवू लागतात. त्यांचाही दोष नाही. वर्गात साठ मुलांना ते येत असतं, सहा जणांना येत नसतं. ती सहा जणं मागच्या बाकावर ‘डिप्लोमावाले’ या नावाने ओळखली जातात आणि पहिल्या सत्राची त्यांची गुणपत्रिका घरी दाखवण्यासारखी नसते. पुढे बहुतेक जण सावरतात. पण त्या पहिल्या सहा महिन्यांत ‘आपण इथले नाही’ असं जे मनात बसतं, ते फार वाईट.

इथे मला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचं उदाहरण घ्यावंसं वाटतं. तिथे १९६० साली उच्च शिक्षणाचा एक बृहद् आराखडा झाला. शाळा संपवणाऱ्यांतले वरचे साडेबारा टक्के थेट राज्याच्या मुख्य विद्यापीठात, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालयात जागा, आणि सामुदायिक महाविद्यालयं सगळ्यांसाठी खुली. या शेवटच्यांत दोन वर्षं चांगली केली की बर्कलेसारख्या विद्यापीठातही तिसऱ्या वर्षात दाखल होता येतं. दार अरुंदच आहे. पण तिथे कोणत्या कॉलेजातला कोणता विषय विद्यापीठाच्या कोणत्या विषयाला धरला जाईल, हे लेखी करार करून आधीच ठरवलेलं असतं, आणि विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ते पाहता येतं. गणिताचा अमुक पेपर केल्याशिवाय तमुक शाखेत जाता येणार नाही, हे त्याला दोन वर्षं आधी कळतं. आपण मात्र तीन वर्षांची पदविका आणि पदवीचं पहिलं वर्ष ही दोन पोती एका तराजूत टाकून ‘भरलं वजन’ म्हणून मोकळे झालो. पोत्यात काय आहे आणि काय नाही, हे मुलाला सप्टेंबरमध्ये वर्गात बसल्यावर समजतं.

आणि हे दुरुस्त करायला ना नवा कायदा लागतो ना मोठा पैसा. सहाव्या सत्राची परीक्षा उन्हाळ्यात संपते, प्रवेश हाती येतो पावसाळा निम्मा सरल्यावर. मधले दोन-तीन महिने मुलगा रिकामा असतो. शेतात जातो, फोनवर यादी पाहतो. नांदेडचं तंत्रनिकेतन आणि विष्णुपुरी एकाच शहराच्या परिसरात. लातूरमध्ये दोन शासकीय तंत्रनिकेतनं आणि १९८३ पासूनचं एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय एकाच गावात. या काळात रोज दोन तास, पाच-सहा आठवडे, पहिल्या वर्षाचं गणित आणि तेही मराठीतून समजावून घेता आलं तर तिसऱ्या सत्राचं चित्र पालटेल. ज्या शहराने एका पिढीत अख्ख्या राज्याला अकरावी-बारावीचा अभ्यास कसा करायचा हे दाखवलं, त्याला हे जमणार नाही, हे मी मानायला तयार नाही. लातूर पॅटर्नची ती शिस्त, पहाटेचे सराव, पेपर तपासून त्याच दिवशी परत देणं, हे सगळं डिप्लोमाच्या मुलांच्या वाट्याला आजवर आलेलंच नाही.

सध्या हे काम मुलं आपापसात करतात. या जूनमध्ये मी उदगीरला गेलो, तेव्हा भाची सुट्टीवर आलेली होती. ओसरीवर तिच्या समोर शेजारच्या गल्लीतली एक मुलगी बसली होती, नुकतीच सहाव्या सत्राची परीक्षा दिलेली. निकाल लागायचा होता, यादी तर फार लांब. मध्ये पहिल्या वर्षाच्या गणिताचं जुनं, मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक. ताईने चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली होती. “आंशिक विकलन आधी पक्कं कर,” भाची तिला सांगत होती, “बाकीचं तिथंच अडतंय.” मग तिने वहीचं नवं पान काढलं आणि वर तारीख घातली.