शोनेबेर्ग

जर्मनीतील बर्लिन महानगराचे दक्षिणेकडील एक उपनगर व पूर्वीचे स्वतंत्र शहर. येथील नगरभवन शीतयुद्धाच्या काळात जगप्रसिद्ध झाले.

शोनेबेर्गचा पहिला उल्लेख १२६४ मधील एका दानपत्रात आढळतो. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याने १७५० मध्ये या खेड्यालगत बोहीमियन प्रॉटेस्टंट निर्वासितांची वसाहत वसविली. सप्तवार्षिक युद्धात रशियन सैन्याने १७६० मध्ये गाव जाळले. मूळ गाव व वसाहत यांचे १८७४ मध्ये एकत्रीकरण झाले. जर्मन साम्राज्याच्या स्थापनेनंतर (१८७१) राजधानी बर्लिन झपाट्याने विस्तारली आणि तिच्या वेशीवरील शेतजमिनींना प्रचंड किंमत आली. जमिनी विकून गबर झालेले येथील शेतकरी ‘लक्षाधीश शेतकरी’ म्हणून ओळखले जात. शोनेबेर्गला १८९८ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. १९१० मध्ये या शहराने स्वखर्चाने भुयारी रेल्वे सुरू केली. १९१९ मध्ये लोकसंख्या सु. १,७५,००० होती.

बर्लिनहून वेगळे अस्तित्व ठसविण्यासाठी या संपन्न शहराने भव्य नगरभवन उभारले (१९११–१४). पेटर युर्गेन्सेन व युर्गेन बाखमान हे त्याचे वास्तुविशारद. इमारतीचा दर्शनी भाग वालुकाश्माचा असून तिला उंच मनोरा होता. पहिले महायुद्ध सुरू झाल्याने उद्‌घाटनाचा समारंभ झाला नाही. पुढे १९२० मध्ये बृहद्‌बर्लिनची निर्मिती होऊन शोनेबेर्ग त्यात विलीन झाले. स्वतंत्र शहराचे नगरभवन म्हणून ही वास्तू अशा रीतीने केवळ सहा वर्षे वापरात राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर शोनेबेर्ग अमेरिकन विभागात आले. बर्लिनचे नगरप्रशासन १९४८ मध्ये दुभंगले, तेव्हा जुने नगरभवन सोव्हिएट विभागात राहिल्याने पश्चिम बर्लिनला नव्या जागेची गरज भासली. १९४९ पासून पश्चिम बर्लिनचे विधिमंडळ व महापौरांचे कार्यालय शोनेबेर्गच्या नगरभवनात होते. ज्या महानगरापासून अलग राहण्यासाठी ही वास्तू बांधली, त्याच्याच पश्चिमार्धाचे ती शासनकेंद्र ठरली. अमेरिकन नागरिकांच्या वर्गणीतून आलेली ‘स्वातंत्र्य-घंटा’ १९५० मध्ये मनोऱ्यात बसविण्यात आली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी २६ जून १९६३ रोजी येथील चौकात विराट जनसमुदायापुढे भाषण केले. त्यांच्या हत्येनंतर त्याच वर्षी चौकाला त्यांचे नाव देण्यात आले. बर्लिनची भिंत खुली झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, १० नोव्हेंबर १९८९ रोजी, येथेच झालेल्या सभेत व्हिली ब्रांट व हेल्मूट कोल यांची भाषणे झाली.

जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९१ मध्ये महापौरांचे व १९९३ मध्ये विधिमंडळाचे कामकाज शहराच्या मध्यभागी हलविण्यात आले. शोनेबेर्ग २००१ पासून टेंपेलहोफ-शोनेबेर्ग या संयुक्त प्रभागात समाविष्ट असून त्याचे प्रशासन या नगरभवनातून चालते.