सेंट अँड्र्यूजचे गायरान

शहापूर-मुरबाडकडची जुनी माणसे जमिनीची जात सांगताना खाचर, वरकस आणि गायरान हे तीन शब्द अजूनही कटाक्षाने वेगळे ठेवतात. खाचरात भाताचे पीक येते. वरकसावर राबाला पाला आणि गुरांना गवत मिळते. आणि गायरान म्हणजे ज्यावर कोणा एकाची मालकी नसून साऱ्या गावाची वहिवाट असते असे उघडे, उंचसखल, श्रावणात हिरवेगार आणि वैशाखात तांबूस पडणारे माळरान. आम्ही मुले अशाच एका माळावर, माहुलीचे सुळके समोर ठेवून, गुरे राखता राखता विटीदांडू खेळलो. त्या माळाला कोणी क्रीडांगण म्हटले नव्हते. पण त्याचे उंचवटे, मध्येच आडवा येणारा ओहोळ आणि गुरांच्या खुरांनी पडलेले खळगे यांनीच आमच्या खेळाचे कायदे ठरविले होते. पुढे पुष्कळ वर्षांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावच्या ‘ओल्ड कोर्स’चा, म्हणजे गोल्फच्या आद्यपीठाचा इतिहास वाचताना मला असे आढळले की, ज्या भूमीपुढे जगातले श्रेष्ठ खेळाडू नम्र होतात ती मुळात आमच्या माळासारखीच एका गावाची सामाईक चराई आहे, आणि तिची आखणी कोणा स्थपतीने नव्हे तर समुद्राने, वाऱ्याने आणि मेंढरांनी केलेली आहे.

गोल्फचे नाव काढताच आपल्याकडे मोटारी, मनगटी घड्याळे आणि भारी वर्गणीचे क्लब डोळ्यांपुढे येतात. खेळ मात्र मुळात अगदी साधा आहे. ‘टी’ नावाच्या ठरावीक जागेवरून लहानसा कठीण चेंडू काठीने मारीत मारीत दूरच्या हिरवळीवर न्यावयाचा, आणि तेथे जमिनीत केलेल्या सव्वाचार इंच व्यासाच्या भोकात तो टाकावयाचा. टीपासून भोकापर्यंतच्या या टप्प्याला ‘होल’ म्हणतात, असे अठरा टप्पे मिळून एक फेरी होते, आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो विजयी. निष्णात खेळाडूला एखाद्या टप्प्यास किती फटके लागावेत याचा जो अंदाज बांधलेला असतो त्याला ‘पार’ म्हणतात. टप्प्याच्या मधल्या आखूड गवताच्या पट्ट्याला फेअरवे, शेवटच्या गुळगुळीत हिरवळीला ग्रीन आणि वाटेतल्या वाळूच्या खड्ड्यांना बंकर हे शब्द रूढ आहेत. आपल्या विटीदांडूत विटी झेलायला समोर गडी उभा असतो. गोल्फमध्ये चेंडू अडवायला कोणीही मनुष्य नसतो, अडविते ती केवळ जमीन, आणि म्हणूनच या खेळात मैदानाची रचना हीच प्रतिपक्षाची बुद्धी असते.

आपल्या देशात हा खेळ इंग्रजी अमलाबरोबर आला. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ साली असाच क्लब निघाला, आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आजतागायत चालू आहे. आमच्या भागाला मात्र या इतिहासातले सर्वांत जवळचे स्थळ कसाऱ्याचा घाट चढून गेल्यावर भेटते. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि आटगाव-खर्डीच्या रानातून धूर सोडीत जाणाऱ्या गाड्या साहेबलोकांना नाशिकच्या थंड, कोरड्या हवेत नेऊ लागल्या. तेथे त्यांनी गोल्फ खेळण्यासाठी राखलेल्या जागेला नाशिककर आजही गोल्फ क्लब मैदान म्हणतात. तिचे अधिकृत नाव मात्र हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याच्यावर ज्याने गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी आमच्याच ठाण्याच्या तुरुंगात जो कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह फासावर गेला, त्या कोवळ्या तरुणाचे नाव साहेबांच्या करमणुकीच्या जागेला मिळावे, यात मला इतिहासाचा न्याय दिसतो. त्या मैदानावर आता क्रिकेटचे रणजी सामने होतात आणि सकाळी शहरातली माणसे फिरायला येतात. खेळ बदलला, धनी बदलले, पण मोकळी जागा मोकळी राहिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता सेंट अँड्र्यूजकडे वळू. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र मागे हटत गेला तशी वाळूच्या टेकाडांची एक चिंचोळी पट्टी उघडी पडली. नांगराला ती निरुपयोगी होती. खारा वारा सोसणारे बारीक, चिवट गवत तेवढे तिच्यावर माजले आणि गावकरी तेथे मेंढरे चारू लागले. मेंढरांच्या दातांनी गवत आखूड राहिले. वाऱ्यापासून अंग चोरून ती ज्या खोलगट जागी बसत तेथली हिरवळ झिजून आतली वाळू उघडी झाली, आणि हेच पुढे बंकर झाले, असे परंपरेने सांगतात. या माळावर गोल्फ केव्हा सुरू झाला ते नेमके सांगता येत नाही. पण १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटने, लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फच्या नादी लागले म्हणून या खेळास बंदी घातली होती, यावरून त्याचे वय कळावे.

या माळाचा खरा आधार मात्र एक सनद आहे. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याला या जमिनीवर ससे पाळण्याची परवानगी हवी होती. ती देताना गावाने त्याच्याकडून असे लिहून घेतले की, या माळावर गुरेमेंढरे चारण्याचा आणि गोल्फ खेळण्याचा रयतेचा हक्क अबाधित राहील. चराई आणि खेळ हे दोन्ही हक्क एकाच दस्तऐवजात शेजारी शेजारी बसलेले पाहून माझ्यासारख्या गुराख्याच्या पोराला कोण आनंद झाला असेल! पुढे १७९७ साली नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने माळ विकला. तो डेम्पस्टर नावाच्या सावकारी बाण्याच्या व्यापाऱ्यांकडे आला; त्यांनी तेथे सशांची पैदास मांडली, सशांनी सारी हिरवळ बिळांनी पोखरली, आणि गावकरी व व्यापारी यांच्यात मारामाऱ्या व फिर्यादी सुरू झाल्या, त्या वीसेक वर्षे चालल्या. अखेर १८२१ साली जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने, जो स्वतः गोल्फचा भक्त होता, ती जमीन विकत घेऊन मैदान वाचविले. १८९४ साली पार्लमेंटच्या कायद्याने ती पुन्हा गावाच्या हाती आली, आणि १९७४ पासून त्याच रीतीने स्थापलेला एक सार्वजनिक विश्वस्त निधी तिचा कारभार पाहतो. म्हणजे जगातले हे सर्वांत मानाचे गोल्फ मैदान कोणा खाजगी क्लबाच्या मालकीचे नाही. रविवारी तेथे सहसा खेळ बंद असतो, आणि त्या दिवशी गावातली माणसे कुत्र्यामुलांसह त्या हिरवळीवरून फिरतात.

ही भूमी खेळाडूची परीक्षा कशी घेते हे समजण्यासाठी तिची ठेवण ध्यानी घ्यावी लागते. पट्टी चिंचोळी असल्यामुळे खेळाडू पूर्वी त्याच वाटेने जात आणि त्याच वाटेने परतत, तीच भोके दुसऱ्यांदा वापरीत. फेरी बावीस टप्प्यांची होती. १७६४ साली सुरुवातीचे काही आखूड टप्पे जोडून ती अठराची करण्यात आली, आणि आज साऱ्या जगात गोल्फची फेरी अठराचीच असते ती या एका गावाच्या सोयीमुळे. पुढे गर्दी वाढली तेव्हा हिरवळी रुंद करून प्रत्येकीवर दोन भोके केली, एक जाणाऱ्यांचे व एक येणाऱ्यांचे. अशा सात जोड-हिरवळी आजही आहेत, आणि त्यांचे एक गंमतीचे गणित आहे: दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, चौथा व चौदावा, असे जे दोन टप्पे एका हिरवळीत नांदतात त्यांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठराच येते. या हिरवळी इतक्या विस्तीर्ण आहेत की चेंडू हिरवळीवर पोचूनही भोकापासून चाळीस-पन्नास पावले दूर राहू शकतो, आणि मधल्या लाटांसारख्या चढउतारांतून त्याला नेणे हेच मोठे कसब होऊन बसते.

मैदानावर एकूण ११२ बंकर आहेत आणि त्यांना नरक, शवपेट्या, प्राचार्यांचे नाक अशा अर्थांची नावे आहेत. त्यांतले कितीतरी टीवरून दिसतच नाहीत. याचे कारण मोठे मनोवेधक आहे: एके काळी हे मैदान उलट्या दिशेनेही खेळले जाई, आणि त्या दिशेने पाहिले तर हे खड्डे स्पष्ट दिसतात, आता दिशा कायम झाली आणि खड्डे लपले. फेअरवे प्रशस्त आहेत, म्हणून नवखा खेळाडू कोठेही चेंडू मारतो आणि मग त्याला कळते की त्या प्रशस्त पटांगणातली एखादीच रेघ अशी आहे जिच्यावरून पुढचा फटका सुलभ होतो, आणि ती रेघ नेमकी कोणत्या तरी बंकराच्या कडेकडेने जाते. जो धोक्याजवळ जाण्याचे धाडस करतो त्याला मोबदला मिळतो, जो दूर राहतो त्याला पुढे दंड भरावा लागतो. गोल्फच्या मैदानांची सारी रचनाविद्या या एका तत्त्वावर उभी आहे. त्यात ईडन नदीच्या मुखाकडून येणारा समुद्रवारा मिसळला म्हणजे काल ज्या टप्प्यास दोन फटके पुरले त्यास आज चार लागतात.

सर्वांत भयंकर टप्पा सतरावा. त्याची लांबी ४९५ यार्ड आणि पार फक्त चार. पहिला फटका हॉटेलच्या आवारातील छपरांवरून आंधळेपणाने मारावा लागतो. हिरवळ तिरपी व निरुंद, तिच्या पुढ्यात उभ्या भिंतींचा खोल बंकर, आणि पाठीशी एक सडक व दगडी गडगा. चेंडू आखूड पडला तर खड्डा, लांब पडला तर सडक. १९७८ सालच्या ‘ओपन’मध्ये, म्हणजे ब्रिटनच्या खुल्या अजिंक्यस्पर्धेत, त्सुनेयुकी नाकाजिमा हा जपानी खेळाडू त्या खड्ड्यात अडकला आणि या एका टप्प्यावर त्याचे नऊ फटके खर्ची पडले. उलट २००० साली टायगर वुड्सने चार दिवसांत एकदाही कोणत्याही बंकरात न जाता तीच स्पर्धा जिंकली.

मला अधिक भावते ती बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूची कथा. १९२१ साली तो प्रथम येथे आला, अकराव्या टप्प्यावरच्या बंकरात फसला, संतापला आणि स्पर्धा अर्धवट टाकून निघाला. पण त्याने या भूमीचा द्वेष केला नाही. तिचा अभ्यास केला. १९२७ साली त्याने येथेच ओपन जिंकली, १९३० साली हौशी खेळाडूंची अजिंक्यस्पर्धाही जिंकली, आणि १९५८ साली गावाने त्याला आपले नागरिकत्व बहाल केले. मधल्या काळात अॅलिस्टर मॅकेंझी या शस्त्रवैद्याने, जो बोअर युद्धात शत्रूच्या लपण्याच्या युक्त्या पाहून मैदानरचनेकडे वळला होता, १९२४ साली या माळाचा बारकाईने नकाशा तयार केला. पुढे त्याने आणि जोन्सने मिळून अमेरिकेतले ऑगस्टाचे विख्यात मैदान आखले. सागराने आणि मेंढरांनी नकळत घडविलेल्या गोष्टीचे शास्त्र असे माणसाने मागाहून शिकून घेतले.

हे शास्त्र आपल्याकडे आणताना एक भेद विसरता कामा नये. सेंट अँड्र्यूजच्या वाळूतून पाणी झिरपून जाते आणि थंड धुक्याने गवत आपोआप जगते; आमच्याकडे चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो, चिकण माती तुंबते, आणि उरलेले आठ महिने तोच माळ भेगाळतो. अशा जमिनीवर बारमाही गालिचा अंथरावयाचा तर अहोरात्र पाणी लागते. १८९२ साली बांधलेल्या तानसा धरणापासून भातसापर्यंत शहापूर तालुक्याने मुंबईची तहान भागविली, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या बाया चैत्र-वैशाखात हंडा घेऊन डोंगर उतरतात. तेथे शोभेच्या हिरवळीसाठी पाण्याचा थेंबही देणे मला अधर्म वाटते. ज्याला ओल्ड कोर्सचे अनुकरण करावयाचे आहे त्याने त्याची हिरवळ नव्हे, त्याची सनद पाहावी.

कारण आमच्या माळांवरही आता कुंपणे आणि बंगल्यांच्या आखण्या सरकत येत आहेत. पौषी पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत जनावरांचा जो बाजार भरतो त्या जनावरांना वर्षभर चरायला जागा कोठे उरली, असे मुरबाडचा शेतकरी विचारतो. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करून त्या ग्रामसभांना परत द्याव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिला आहे. म्हणजे सनद आपल्याही हाती आहे. वाचकांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या ग्रामसभेपूर्वी तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा काढावा, त्यावरचे क्षेत्र प्रत्यक्ष माळावर फिरून पडताळावे, आणि ते सभेत मोठ्याने वाचून दाखवावे.