इंग्लंडमधील फुटबॉल सामन्यांचे तिकीटदर

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल सामन्यांचे तिकीटदर हा १९९० च्या दशकापासून तेथील क्लब आणि चाहते यांच्यातील सततच्या वादाचा विषय आहे. प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीतील मोठ्या क्लबांची सर्वांत स्वस्त तिकिटे १९९० ते २०११ या काळात महागाईच्या कितीतरी पट वेगाने वाढली. एवढे होऊनही या श्रेणीतील मैदाने नव्वद टक्क्यांहून अधिक भरलेली असतात. क्लबांच्या मते हाच दर योग्य असल्याचा पुरावा आहे. चाहत्यांच्या संघटनांचा आक्षेप वेगळा आहे. मैदान भरले, हे त्यांना मान्य आहे. त्यात आता कोण बसते आणि कोणाला येणे सोडून द्यावे लागले, हा त्यांचा प्रश्न आहे.

पूर्वपीठिका

इंग्लंडमध्ये फुटबॉल हा प्रेक्षकांचा खेळ झाला तो कामगारवर्गामुळे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवणे बंधनकारक केले आणि पुढे शनिवारी दुपारी तीन ही सामन्याची रूढ वेळ ठरली. १८८८ मध्ये बारा क्लबांनी फुटबॉल लीग स्थापन केली. त्यानंतर लवकरच प्रवेशशुल्क किमान सहा पेन्स असावे असा नियम झाला. क्लबांनी एकमेकांचे प्रेक्षक दर पाडून ओढू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे लीगने सुरुवातीस दराला खालची मर्यादा घातली होती. वरची मर्यादा घालण्याची गरज तेव्हा कोणालाच वाटली नव्हती.

बहुतेक प्रेक्षक गोलजाळ्यांच्या मागील उतरत्या पायऱ्यांवर उभे राहून सामना पाहत. या जागांना टेरेस म्हणत. तिकीट बहुधा दारावरच मिळे, आधी नोंदणी लागत नसे, आणि मित्रांच्या टोळक्याला एकत्र उभे राहता येई. लीग सामन्यातील तिकीटविक्रीचा काही वाटा पाहुण्या संघालाही मिळत असे. १९८३ मध्ये ही वाटणी बंद झाली व घरच्या मैदानावरील सारे उत्पन्न यजमान क्लबाकडे राहू लागले. हा बदल त्या वेळी हिशोबाचा वाटला असला, तरी मोठे मैदान आणि महाग तिकीट यांपासून मिळणारा लाभ त्यामुळे थेट मोठ्या क्लबांच्या तिजोरीत जाऊ लागला.

हिल्सबरो दुर्घटना आणि टेलर अहवाल

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफ.ए. चषकाच्या उपांत्य सामन्यात टेरेसवर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे ९७ चाहते मृत्यू पावले. मृत्यूंचा दोष सुरुवातीस चाहत्यांवरच ढकलण्यात आला. २०१६ मधील न्यायिक चौकशीत ज्युरीने चाहत्यांना निर्दोष ठरवले व हे मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवध असल्याचा निर्णय दिला.

न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या मैदानांवरील टेरेस काढून सर्वत्र खुर्च्या बसवाव्यात, ही त्यांची सर्वपरिचित शिफारस. त्याच अहवालातील दुसरा मुद्दा मात्र फारसा लक्षात राहिला नाही. खुर्च्या बसवल्या म्हणून सामान्य प्रेक्षक बाहेर फेकला जाऊ नये आणि सर्वांत स्वस्त खुर्ची टेरेसवर उभे राहणाऱ्याच्या खिशाला परवडावी, अशी त्यांची अपेक्षा होती. उदाहरण म्हणून त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला. तेथे खुर्ची सहा पौंडांना आणि उभी जागा चार पौंडांना मिळत होती.

खुर्च्या बसल्या, दराबाबतची अपेक्षा कागदावर राहिली. १९९० च्या सुमारास सर्वांत स्वस्त तिकीट मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर साडेतीन पौंड, लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर चार पौंड आणि आर्सेनलच्या हायबरीवर पाच पौंड होते. २०११ मध्ये हेच दर अनुक्रमे २८, ४५ आणि ५१ पौंड झाले. या काळात इंग्लंडमधील सर्वसाधारण किंमतपातळी सुमारे ७७ टक्क्यांनी वाढली. केवळ त्याच हिशोबाने दर वाढते, तर ओल्ड ट्रॅफर्डवरील तिकीट सव्वासहा पौंडांच्या आत राहिले असते.

दर वाढण्याची कारणे

खेळाडूंचे पगार वाढले म्हणून तिकिटे महागली, असे सर्रास सांगितले जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. क्लब मागणी सोसेल तेवढा दर लावतो आणि मिळालेला पैसा स्पर्धेमुळे खेळाडूंकडे जातो. पगार उद्या निम्मे झाले, तरी मैदान त्याच दरात भरत असेल तर दर उतरण्याचे कारण उरत नाही.

मागणी सोसते याचे मूळ चाहत्याच्या निष्ठेत आहे. साबण महागला तर ग्राहक दुसरा घेतो. लिव्हरपूलचे तिकीट महागले म्हणून लिव्हरपूलचा चाहता शेजारच्या एव्हर्टनचा होत नाही. क्लबाचे नाते बहुधा घराण्यातून आलेले असते. त्यामुळे प्रत्येक क्लब आपल्या चाहत्यांपुरता मक्तेदार ठरतो. त्यात टेरेस गेल्याने मैदानांची क्षमता घटली आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू होऊन दूरचित्रवाणीमुळे या सामन्यांची कीर्ती जगभर पोहोचली. जागा कमी आणि मागणारे अधिक, असे समीकरण झाले.

वर्षभराच्या सर्व घरच्या सामन्यांचे हंगामी तिकीट धारण करणाऱ्याची कोंडी आणखी निराळी असते. मोठ्या क्लबांकडे प्रतीक्षायादी लांब असते. एका वर्षी तिकीट सोडले, तर ते पुन्हा मिळण्यास अनेक वर्षे लागू शकतात. म्हणून पटत नसलेला दरही तो भरतो, आणि क्लबाच्या नोंदीत तो समाधानी ग्राहक म्हणून दिसतो. २०१४ मध्ये आर्सेनलचे सर्वांत महाग हंगामी तिकीट दोन हजार पौंडांच्या पुढे होते, तर एका सामन्याचे सर्वांत महाग तिकीट ९७ पौंडांना होते.

चाहत्यांचा विरोध

जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलने मँचेस्टर सिटीच्या पाहुण्या चाहत्यांसाठी ६२ पौंड दर लावला. सिटीने वाट्याला आलेल्या सुमारे तीन हजारांपैकी ९१२ तिकिटे न विकता परत पाठवली. प्रवासखर्च धरता हा सामना परवडत नाही, असे चाहत्यांनी खरेदी न करून सांगितले होते. त्याच वर्षी पाहुण्या चाहत्यांसाठी वीस पौंडांची कमाल मर्यादा मागणारी ‘ट्वेंटीज प्लेंटी’ ही मोहीम सुरू झाली.

सर्वांत गाजलेला विरोध ॲनफिल्डवर झाला. लिव्हरपूलने विस्तारित मुख्य सज्जातील काही तिकिटांसाठी ७७ पौंड दर जाहीर केला होता. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल २–० ने पुढे होता. सामना २–२ असा सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली आणि कमाल दर ५९ पौंडांवर दोन हंगामांसाठी गोठवला. पुढील महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा मान्य केली. ती २०१६–१७ च्या हंगामापासून लागू झाली व नंतर तिला मुदतवाढ मिळत गेली. घरच्या प्रेक्षकांसाठी अशी मर्यादा नाही.

करोनानंतरच्या काळात वाद पुन्हा पेटला. यावेळी रोख सवलती काढून घेण्यावर होता. टॉटनहॅमने ज्येष्ठांच्या हंगामी तिकिटांवरील सवलत टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरवताच ‘सेव्ह अवर सीनियर्स’ ही मोहीम उभी राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने ऐन हंगामात उरलेल्या तिकिटांचा दर मुले आणि निवृत्तांसह सर्वांना सरसकट ६६ पौंड केला. एप्रिल २०२४ मध्ये लिव्हरपूलने दोन टक्के वाढ जाहीर केल्यावर चाहत्यांनी अटलांटाविरुद्धच्या युरोपीय सामन्यात कॉप सज्जावर नेहमीचे झेंडे लावलेच नाहीत. वाढ आकड्याने लहान होती. तिकीटविक्री हा आता क्लबांच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोत नसताना ती मुळात हवीच कशाला, असा चाहत्यांचा सवाल होता.

या सवालात तथ्य आहे. २०१६ ते २०१९ या तीन हंगामांसाठी केवळ ब्रिटनमधील प्रक्षेपण हक्क ५.१ अब्ज पौंडांहून अधिक रकमेला विकले गेले. अलीकडच्या हंगामांत सामन्याच्या दिवशी मिळणारे उत्पन्न प्रीमियर लीग क्लबांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण सातव्या हिश्शाएवढे आहे. आता परदेशांतील प्रक्षेपण हक्कांचे मोल ब्रिटनमधील हक्कांच्या बरोबरीस आले आहे. मुंबई, पुणे किंवा कोल्हापुरात रात्री जागून सामना पाहणारा प्रेक्षकही त्यात आपल्या परीने भर घालतो.

जर्मनीशी तुलना

इंग्लंडमधील वादात जर्मनीच्या बुंडेसलिगाचा दाखला हमखास दिला जातो. तेथे मोजके अपवाद वगळता क्लबातील बहुसंख्य मताधिकार सभासदांकडे असतो. उभ्या राहण्याच्या जागाही देशांतर्गत सामन्यांसाठी टिकून आहेत. बोरुसिया डॉर्टमुंडच्या दक्षिण सज्जात सुमारे पंचवीस हजार प्रेक्षक उभे राहतात. स्वस्त उभ्या जागेमुळे तरुण येतात आणि त्यांच्या घोषांमुळे मैदानाची ख्याती होते, असा तेथील अनुभव आहे. मात्र जर्मन चाहत्यांनाही हे फुकट मिळालेले नाही. २०१० मध्ये उभ्या जागेसाठी वीस युरोंहून अधिक दर लावल्याबद्दल डॉर्टमुंडच्या चाहत्यांनी शाल्केविरुद्धच्या सामन्यावर बहिष्कार घातला. फेब्रुवारी २०१६ मध्ये श्टुटगार्ट येथे महाग तिकिटांचा निषेध म्हणून त्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकले.

सामना प्रत्यक्ष पाहण्याचे मोल

तिकीट घेणारा प्रेक्षक ज्या वातावरणासाठी पैसे मोजतो, त्याचा एक भाग तो स्वतःच निर्माण करतो. नाटकाच्या प्रेक्षकाबाबत हे थोडेफार खरे आहे. फुटबॉलमध्ये ते मोजताही येते. करोनामुळे २०२०–२१ चा हंगाम जवळजवळ पूर्णपणे रिकाम्या मैदानांत खेळला गेला. त्यात यजमान संघांनी १४४ आणि पाहुण्या संघांनी १५३ सामने जिंकले. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा अधिक होण्याची ही पहिलीच वेळ होती.

यामुळे महाग तिकिटाचा परिणाम त्याच्या दर्जावरही होतो. वर्षातून एकदा येणारा पर्यटक अधिक पैसे देतो, पण त्याला मैदानावरची गाणी ठाऊक नसतात. विखुरलेल्या खुर्च्यांमुळे जुनी टोळकी एकत्र बसू शकत नाहीत. शाळकरी मुलगा मित्रांबरोबर मैदानावर येऊ शकला नाही, तर तिशीत कमावता झाल्यावर त्याला ती ओढ लागेलच असे नाही. जानेवारी २०२२ पासून पाच मैदानांवर कठडे असलेल्या सुरक्षित उभ्या जागांची चाचणी झाली व नंतर इतर क्लबांनाही परवानगी मिळाली. यात वातावरणाची उणीव मान्य केली गेली, दराची नाही.

खालच्या श्रेणींत वेगळा मार्ग दिसतो. ब्रॅडफर्ड सिटीने २०१५–१६ च्या हंगामासाठी प्रौढांचे हंगामी तिकीट १४९ पौंडांना, म्हणजे सुमारे साडेसहा पौंडांत एक सामना, असे विकले. तिसऱ्या श्रेणीतील या क्लबाने त्या वर्षी अठरा हजारांच्या आसपास हंगामी तिकिटे विकली. मोठ्या क्लबांस हे प्रमाण लागू पडत नाही, कारण त्यांना रिकामी खुर्ची भरायची नसते. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडची मालकी ग्लेझर कुटुंबाकडे गेल्यावर काही चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लबच काढला. परवडणारे प्रवेशशुल्क हे त्याच्या मूळ तत्त्वांपैकी एक आहे.

कायदा

२०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्यान्वये इंग्लंडमधील पुरुषांच्या वरच्या पाच श्रेणींसाठी स्वतंत्र नियामक स्थापन करण्यात आला. तिकीटदर बदलताना क्लबांनी चाहत्यांशी विचारविनिमय करावा अशी तरतूद त्यात आहे. दर किती असावा हे ठरवण्याचा अधिकार मात्र क्लबाकडेच ठेवण्यात आला आहे.