मॅक्रोफेजचे राफ्ट

प्रोटोकॉलमध्ये ‘४ अंश सेल्सिअस’ एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात सगळे काम त्यावरच तरते किंवा बुडते. नळ्या, बफर, होमोजेनायझर, रोटर आदल्या रात्रीच थंड करायला ठेवायचे. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, खरवडून १ टक्का ट्रायटन एक्स-१०० असलेल्या बफरमध्ये अर्धा तास बर्फात ठेवायच्या. या डिटर्जंटने पेशीपटलाचा बराचसा भाग विरघळतो. कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडांनी घट्ट बांधलेले तुकडे तेवढे टिकतात, तेच राफ्ट. नमुना कोमट झाला की तेही विरघळू लागतात, आणि ते डोळ्यांना कळत नाही.

मग सुक्रोज. नमुन्यात ८० टक्क्यांचे द्रावण समप्रमाणात मिसळून ४० टक्के करायचे, त्यावर ३० टक्क्यांचा आणि वर ५ टक्क्यांचा थर. पिपेटचे टोक नळीच्या कडेला टेकवून थेंबथेंब सोडायचा. हात हलला की थर मिसळलेच. समोरासमोरच्या नळ्यांचे वजन जुळवून अल्ट्रासेंट्रिफ्यूज रात्रभर, सुमारे २,००,००० जी वर. चरबीमुळे हलके झालेले राफ्ट वर चढतात. सकाळी ५ आणि ३० टक्क्यांच्या सीमेवर, दुधावरच्या सायीहून विरळ अशी पांढुरकी रेघ उजेडासमोर धरून शोधावी लागते.

रेघ दिसली म्हणजे राफ्ट मिळाले, असे मी मानत नाही. वरून एकेक मिलिलिटर काढून तपासायचे: राफ्टमधले फ्लोटिलिन हलक्या फ्रॅक्शनमध्ये हवे, राफ्टबाहेरचा ट्रान्सफेरिन रिसेप्टर खालच्या. तरीही शंका उरतेच, थंड डिटर्जंटनेच हे तुकडे एकत्र आणले नसतील ना? म्हणून सायक्लोडेक्स्ट्रिनने कोलेस्टेरॉल काढलेल्या पेशींचा नमुना सोबत हवाच.

पटलातल्या कोलेस्टेरॉलसारख्या स्टेरॉलचे महत्त्व पिंपरीला फार आधीपासून ठाऊक आहे. तिथल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या जिवाणूपासून हॅमायसिन मिळाले, ते बुरशीच्या पटलातल्या स्टेरॉलला धरून बुरशी मारते.

लीशमॅनिया हा परजीवी मात्र ज्या पेशीत शिरतो तिच्याच कोलेस्टेरॉलवर डाव टाकतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात भास्कर साहा यांच्या गटाने २००९ साली ‘नेचर इम्युनॉलॉजी’त ते दाखवले. मॅक्रोफेजवरचा सीडी-४० हा रिसेप्टर एरवी आयएल-१२ हे संरक्षक प्रथिन तयार करायला लावतो आणि परजीवी आटोक्यात राहतो. संसर्गात पटलातले कोलेस्टेरॉल घटते, तो संदेश पुढे नेणारा प्रथिनांचा संच जुळत नाही, दुसराच जुळतो. मग त्याच सीडी-४० मुळे प्रतिकार दाबणारे आयएल-१० तयार होते, आणि परजीवी वाढत राहतो.