महालेखापरीक्षक आणि अनुदानित महाविद्यालये

भोपाळच्या शिवाजी नगरात माध्यमिक शिक्षा मंडळाचे मुख्य कार्यालय आहे. जवळच्या अरेरा हिल्स भागात महालेखाकारांचे कार्यालय आहे. पहिल्याची ओळख घरोघरी आहे. दुसऱ्याविषयी मात्र महाविद्यालयांत भीती अधिक व माहिती कमी आढळते.

हिशेब तपासणीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ‘हिशेब’ हा शब्द अरबी ‘हिसाब’वरून आला. शिवाजी महाराजांच्या कारभारात जमाखर्च तपासणाऱ्या मुजुमदारास पुढे ‘अमात्य’ म्हटले जाऊ लागले. आज हे कार्य संविधानाच्या अनुच्छेद १४८ ते १५१ नुसार भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत हे बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचे पद असल्याचे प्रतिपादन केले होते.

१९७१ च्या कायद्यातील कलम १४ शिक्षणसंस्थांशी निगडित आहे. एखाद्या संस्थेस वर्षात किमान २५ लाख रुपयांचे शासकीय अनुदान किंवा कर्ज मिळाले आणि ते तिच्या एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असेल, तर तिचे हिशेब तपासले जातात. कलम १५ नुसार, विशिष्ट कामासाठी दिलेल्या अनुदानाच्या अटी पाळल्या गेल्याची खात्री मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने कशी केली, हेही पाहिले जाते.

ही तपासणी केवळ बेरीज-वजाबाकी नव्हे. मध्य प्रदेशातील पोषण आहाराच्या तपासणीत लेखापरीक्षकांनी वाहतुकीच्या कागदांवरील ट्रकचे क्रमांक परिवहन खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिले. काही क्रमांक मोटारसायकलींचे निघाले. २०२२ मध्ये ही बाब उघड झाली, तेव्हा हा अंतिम अहवाल नाही, असे शासनाने सांगितले. ट्रकच नसेल, तर बालकाच्या ताटात आहार पोहोचला कसा, हा प्रश्न मात्र त्या एका क्रमांकाने उभा केला.

महालेखापरीक्षक शिक्षा करीत नाहीत. राज्याविषयीचा अहवाल राज्यपालांमार्फत विधानमंडळापुढे येतो व लोकलेखा समिती त्यावर विचार करते. लेखा आक्षेप म्हणजे आरोप नव्हे. तो उत्तर मागणारा प्रश्न आहे.

म्हणून उपयोगिता प्रमाणपत्र, साठा नोंदवही व शिष्यवृत्तीच्या पावत्या वेळच्या वेळी पूर्ण ठेवणे, हे केवळ लिपिकाचे काम मानू नये. उपयोगिता प्रमाणपत्र रखडले की पुढील हप्ता अडतो आणि त्याची झळ गरीब विद्यार्थ्याला बसते. सार्वजनिक पैसा ही अमानत आहे; तिचा चोख हिशेब हेच संस्थेचे खरे संरक्षण होय.