हातचे न राखता

देवाला काय द्यावे, ह्याचा हिशेब आमच्या डाळजच्या बाजूला चोख असतो. पीक साधले तर नारळ, मुलाला नोकरी लागली तर पेढे, दुखण्यातून माणूस उठले तर गोडाचे जेवण. नवस बोलताना माणूस खिशाचा अंदाज घेऊनच बोलतो. ह्यात हसण्यासारखे काही नाही. गरिबाने देवाशीदेखील झेपेल तेवढाच व्यवहार करावा, हे शहाणपणच आहे. परंतु भक्तीची आणखी एक रीत आहे आणि तिचा हिशेब अगदी उलटा आहे. किती दिले हे तीत विचारीत नाहीत; मागे काय राखले, एवढेच विचारतात. ख्रिस्ती धर्मातल्या समर्पणाचा गाभा मला हाच वाटतो.

शुभवर्तमानातली विधवेची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. श्रीमंतांनी देवळाच्या दानपेटीत मूठमूठभर नाणी टाकली आणि तिने दोन दमड्या टाकल्या. तरी सर्वांत अधिक तिनेच दिले, असे येशूने शिष्यांना सांगितले. इतरांनी उरल्यासुरल्यातून दिले होते, तिने पोटातले दिले होते. दुसरी गोष्ट बेथानीच्या मरीयेची. जटामांसीचे मोलाचे सुगंधी तेल तिने येशूच्या पायांवर ओतले. त्याची किंमत होती ३०० दीनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई! जवळ बसलेले कुरकुरले, की हे विकून गोरगरिबांना वाटले असते तर?

ही शंका आपल्याही मनात येतेच. तिचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. डाळजहून पुण्याच्या रस्त्याला लागले, की भिगवण, कुरकुंभ, पाटस मागे टाकून चौफुला येतो. तेथून वळले की केडगाव. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तेथे आजही चालू आहे.

त्याआधी एक भेद मात्र ध्यानात घेतला पाहिजे. आमच्या ह्या पट्ट्यात 'त्याग' हा शब्द उजनीपासून भाषणांत फार ऐकू येतो. १९८० साली धरण पुरे झाले, काठची शिवारे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ तर पाणी ओसरेल तेव्हाच डोके वर काढते. पण त्या जमिनी घेतल्या गेल्या होत्या. घेतलेले निराळे आणि आपल्या हाताने दिलेले निराळे. समर्पण म्हणायचे ते दुसऱ्याला.

रमाबाईंजवळ द्यायला होते काय? पैसाअडका नव्हता. १८७० नंतरच्या दुष्काळी दिवसांत आईबाप आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, पतीही गेले. उरली होती विद्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविलेली ती संस्कृत विद्या, हीच त्यांची तेलाची कुपी!

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्यास आणले. तेथे त्या आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. १८९३ साली ह्यावरून गदारोळ झाला. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, अशा भरवशावर पालकांनी मुली धाडल्या होत्या. त्यांचा राग मला गैर म्हणवत नाही. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाजूला झाले, कितीतरी मुली काढून नेल्या गेल्या. एक दार लोटून घेतले असते, तर लोकांची मर्जी राहिली असती. बाईंनी ते लोटले नाही.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय हे बाईंना पुस्तकातून शिकायचे नव्हते. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे ३०० मुली-बायका आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर हा आकडा हजारावर गेला. शेत, विहिरी, माग, छापखाना, अंध स्त्रियांसाठी वर्ग, सारे तेथे होते आणि प्रार्थनाही होती. तेल देवाच्या पायांवर ओतावे की गरिबांना वाटावे, हा प्रश्न केडगावात पडलाच नाही.

आणि कुपी? आयुष्याच्या उत्तरकाळात बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून बायबल मराठीत आणू लागल्या. संस्कृतात हयात घालविलेल्या ह्या विदुषीने जडजूड शब्द मुद्दाम टाकले आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी लिहिली. खिळे जुळविले ते मुक्तीतल्याच बायकांनी. १९२१ च्या जुलैत एकुलती एक लेक मनोरमा वारली. आईने काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघाले १९२४ साली.

ते चर्चमध्ये सर्रास वाचले गेले नाही. तेथे बायबल सोसायटीचे भाषांतरच रूढ राहिले. मग एवढी विद्या वाया गेली, असे म्हणावे काय? बेथानीतल्या कुरकुरणाऱ्यांनी तसेच म्हटले असते. मला मात्र त्या छापखान्यातल्या बायका दिसतात. कालपर्यंत दुष्काळात दारोदार हिंडणाऱ्या त्या हातांनी एकेक खिळा उचलून देवाचा ग्रंथ जुळविला, आणि जुळविता जुळविता तो त्यांना वाचता आला.