तार किती ताणावी?

३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला जाणारी वंदे भारत गाडी सुरू झाली. पुढे २०२५ मध्ये तिचा पल्ला नांदेडपर्यंत वाढला. ही गाडी विजेवर धावते, म्हणजे तिच्या आधी विजेची तार जालन्यापर्यंत येऊन पोचली होती, हे उघड आहे. या मार्गावरून कोणत्याही गाडीने जाताना खिडकीबाहेर नीट लक्ष ठेवा. अधूनमधून, साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या अंतराने, रुळांकाठच्या एखाद्या खांबाला जड चकत्यांची एक चळत टांगलेली दिसेल. ती कशासाठी?

हा प्रश्न मी वर्गात विचारला, तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, वाऱ्याने खांब पडू नये म्हणून." उत्तर चुकले, पण निरीक्षण पक्के होते. खरे उत्तर या लेखाच्या शेवटी तुम्हीच द्याल. त्यासाठी आधी तार कशी ओढतात, कोणत्या यंत्रांनी ओढतात आणि मुख्य म्हणजे किती ओढतात, हे समजून घेऊ.

एक तुटलेली तार

माझे गाव अंबड तालुक्यातले. मी सातवीत असताना मे महिन्यात आमच्या शिवारातून विहिरींच्या मोटारींसाठी नवी लाइन टाकली गेली. आठ-दहा माणसे सुरात हाळी देत तार खेचत होती. जमिनीवरून, बांधावरून, काट्याकुट्यांतून तार फरफटत जाई. शेवटी ती खांबांवर अशी बसली की जणू पट्टीने ओढलेली रेघ! "काय कडक ओढली आहे!" असे सारा गाव म्हणाला.

पुढच्या जानेवारीत एका पहाटे कडाक्याची थंडी पडली. जोडापाशी तार तुटली आणि शेताच्या वाटेवर पडली. चुलते बैल घेऊन निघाले होते. पुढे चालणारा बैल जागीच गेला. चुलते दहा पावले मागे होते, म्हणून वाचले. तार ओढणारी माणसे कामचुकार नव्हती. उलट त्यांनी जीव तोडून काम केले होते. पण त्यांच्याजवळ दोन साध्या वस्तू नव्हत्या : ताण मोजणारा काटा आणि तपमापी. त्यांचे महत्त्व मला पुष्कळ वर्षांनी, भौतिकशास्त्र शिकताना कळले.

सरळ तार अशक्य का?

दोन खांबांमधली तार नेहमी थोडी खाली लोंबते. या लोंबण्याला झोळ म्हणतात. झोळ काढण्याचे सूत्र सोपे आहे. तारेच्या एक मीटर लांबीच्या वजनाला दोन खांबांमधील अंतराच्या वर्गाने गुणावे आणि तारेतील ताणाच्या आठपटीने भागावे.

एक उदाहरण घेऊ. ॲल्युमिनियमच्या तारांच्या मध्ये पोलादी तार घालून केलेल्या वाहकांना प्राण्यांची नावे आहेत. स्क्विरल म्हणजे खार, मग वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस असा हा प्राणिसंग्रह आकाराने वाढत जातो. गावाकडच्या लाइनवर ससा असतो, तर मोठ्या मनोऱ्यांवर झेब्रा! 'रॅबिट' तारेचे वजन दर मीटरला सुमारे २१४ ग्रॅम असते. खांबांमधील अंतर १०० मीटर आणि ताण ३०० किलोग्रॅम-भार धरला, तर झोळ सुमारे ८९ सें.मी. येतो. ताण दुप्पट केला की झोळ निम्मा होतो.

आता एखाद्याला वाटले, की झोळ फक्त १० सें.मी. हवा. गणित करून पाहा. ताण जवळजवळ २,७०० किलोग्रॅम-भार लागतो. पण ही तार सुमारे १,८५० किलोग्रॅम-भाराला तुटते! म्हणजे झोळ ही कामातली हयगय नाही. ती तारेची गरज आहे. पूर्ण सरळ तार ओढायची, तर ताण अनंत लागेल.

मे आणि जानेवारी

आमच्या शिवारातल्या तारेचे काय झाले, ते आता उलगडेल. समजा, तार ४५ अंश सेल्सिअस तापलेली असताना ३०० किलोग्रॅम-भार ताणाने बांधली. पहाटे ती १० अंशांपर्यंत थंड झाली, तर १०० मीटर तार साडेसहा सें.मी.च्या आसपास आखडू पाहते. हे अंतर क्षुल्लक वाटते. पण ८९ सें.मी. झोळ असलेली तार सरळ अंतरापेक्षा केवळ २ सें.मी. लांब असते! आखडायला तिच्यापाशी शिल्लकच नाही. मग ती स्वतःला ताणून घेते. तारेची लवचिकता हिशेबात धरली, तर ताण साडेपाचशे किलोग्रॅम-भाराच्या पुढे जातो. चांगली तार तो सोसेल. पण जी आधीच जादा कडक ओढली आहे, जमिनीवरून फरफटून जिला चरे पडले आहेत आणि जिचा जोड कच्चा आहे, ती कशी सोसणार?

याउलट थंडीत बेतशीर बांधलेली तार उन्हाळ्यात दीड मीटरपर्यंत खाली येते. खालून कडब्याची गाडी जाणार असेल, तर तेही घातक. म्हणून तार बांधताना त्या वेळचे तपमान पाहून, तक्त्यावरून नेमका झोळ ठरवावा लागतो. मोठ्या लाइनवर तारेच्या तुकड्यात तपमापी बसवून तो मनोऱ्यावर टांगतात आणि खांबाला बांधलेल्या फळीवरून नजर लावून झोळ तपासतात. फळी, दोरी, तपमापी आणि ताणकाटा! साधने किती साधी, पण जीव त्यांवर अवलंबून.

तार जमिनीला लागू द्यायची नाही

मोठ्या लाइनवर आज तार फरफटत नाहीत. एका टोकाला तारेचे प्रचंड ड्रम जॅकवर उचलून ठेवतात. दुसऱ्या टोकाला ओढणारे यंत्र असते, त्याला पुलर म्हणतात. प्रत्येक मनोऱ्यावर कप्प्या टांगून त्यांतून आधी एक हलकी पण बळकट पोलादी दोरी नेतात. ही पायलट दोरी, म्हणजे वाटाड्याच. तिच्या टोकाला मुख्य तार जोडतात. जोडापाशी एक फिरती कडी असते. तार अनेक पेडांची असल्याने ताण आला की पीळ सुटू पाहतो. कडी गरकन फिरून तो पीळ पुढे जाऊ देत नाही.

पण नुसते ओढून भागत नाही. तार ड्रमवरून मोकळी सुटली, तर मध्येच जमिनीवर लोळेल. म्हणून ड्रमच्या पुढे टेन्शनर नावाचे यंत्र ठेवतात. त्यात दोन मोठी खाचांची चाके असतात. तार त्यांच्याभोवती अनेक वेढे घेते आणि चाकांना ब्रेक लावलेला असतो. पुढून ओढणारा आणि मागून धरणारा, अशा दोघांच्या समजुतीने तार हवेतल्या हवेत सरकत जाते.

वेढ्याचे बळ

चाकाभोवती वेढे कशासाठी? मारका बैल आवरायचा असेल, तर शेतकरी कासऱ्याचे दोन वेढे कडुलिंबाच्या खोडाला देतो. मग दहा वर्षांचे पोरही दुसरे टोक धरून उभे राहू शकते. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण मदतीला येते, आणि ही मदत बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचा नियम मांडला. घर्षणांक ०.२५ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने ताण सुमारे ४.८ पट होतो. दोन वेढ्यांनी सुमारे २३ पट, तर तीन वेढ्यांनी १११ पट! गंमत अशी, की चाकाचा व्यास या हिशेबात येतच नाही. येतो तो फक्त एकूण कोन.

हा ब्रेक चुकला तर काय होते, याचा धडा अटलांटिक महासागराने दिला. १८५७ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडहून अमेरिकेकडे तारायंत्राची केबल टाकणे सुरू झाले. 'नायगारा' जहाजावरून तीनशेहून अधिक मैल केबल समुद्रात गेली. लाटेवर जहाजाचा मागचा भाग उचलला गेला, त्याच क्षणी ब्रेक सैल करायला हवा होता. तो झाला नाही आणि केबल तुटून समुद्रतळाशी गेली. पुढच्या वर्षी, ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आपोआप सैल होणारा ब्रेक वापरला गेला आणि त्या वर्षी केबल पलीकडे पोचली. ती काही आठवडेच चालली, हा भाग वेगळा. आजच्या पुलरवरही अशीच मर्यादा ठरवून देतात. ताण तिच्यापुढे गेला की यंत्र थांबते.

जमिनीखाली मात्र हाच मित्र शत्रू

आता जमिनीखाली उतरू. आपल्या जिल्ह्यात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून केबल नुसती मातीत पुरत नाहीत. ११ हजार व्होल्टच्या केबलसाठी साधारण ९० सें.मी. खोल चर खणतात. त्यात वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू आणि वर विटा किंवा फरश्या. केबल चरात किंचित नागमोडी ठेवतात. का, हे तुम्ही आता सांगू शकाल!

चरात थोड्या थोड्या अंतरावर रूळ ठेवून त्यांवरून केबल ओढतात. टोकाला तारेच्या जाळीचा मोजा घालतात. ओढू लागले की मोजा आवळतो आणि पकड घट्ट होते. येथेही मर्यादा ठरलेली आहे. ॲल्युमिनियमच्या वाहकाला दर चौरस मि.मी.ला ३ किलोग्रॅम-भार, तांब्याला ५. त्यापेक्षा जास्त ओढले तर केबल तुटताना दिसत नाही, पण आत इजा होते आणि ती वर्षांनंतर पावसाळ्यात बाहेर पडते.

रस्त्याखालच्या नळीतून केबल न्यायची असेल, तर वळणे येतात. समजा, नळीत चार काटकोनी वळणे आहेत. चार काटकोन म्हणजे किती? एक पूर्ण वेढा! म्हणजे तेच घर्षण, तोच नियम आणि तेच ४.८ पट. पहिल्या वळणाआधी ज्या केबलला १०० किलोग्रॅम-भार पुरत होता, तिला शेवटच्या वळणानंतर ४८० लागतो. टेन्शनरच्या चाकावर जो वेढा आपल्या बाजूने लढत होता, तोच येथे आपल्याविरुद्ध उभा राहतो. म्हणून अनुभवी माणूस नळीत वंगण घालतो आणि जिकडे वळणे जवळ असतील, त्या टोकाने केबल आत सोडतो. तेथे ताण अजून लहान असतो, त्यामुळे त्याचा गुणाकारही लहान राहतो.

रस्ता किंवा रेल्वे न खणता खालून जाणारे यंत्रही आहे. त्याच्या छिद्रकाचे तोंड तिरपे असते. फिरवत ढकलले तर ते सरळ जाते. न फिरवता ढकलले तर तिरप्या बाजूला वळते. तोंडात लहानसा प्रक्षेपक असतो आणि वर चालणारा माणूस ग्राहक यंत्र हाती घेऊन ते कोठे पोचले हे सांगतो. छिद्र ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचा राबडा भरतात. नंतर छिद्र रुंद करून नळी मागे ओढून घेतात.

वाऱ्यावर स्वार झालेली केबल

ग्रामपंचायतींना जोडणारी प्रकाशतंतूची केबल याहून नाजूक. तिच्या टोकाला धरून किलोमीटरभर ओढले, तर सारा ताण टोकावर येतो. १९८० च्या दशकात युरोपात यावर एक युक्ती निघाली : केबल ओढायचीच नाही, फुंकायची! यंत्राची चाके केबल नळीत ढकलतात आणि त्याच वेळी दाबाखालची हवा वेगाने सोडतात. हवा केबलला तिच्या संपूर्ण लांबीवर थोडी थोडी पुढे नेते. ताण एका जागी साठत नाही, म्हणून वळणांवरचा गुणाकारही फारसा वाढत नाही. नदीच्या प्रवाहात दोरी सोडल्यासारखेच हे.

आणि ती वजने?

आता खांबावरच्या चकत्यांकडे परत येऊ. रेल्वेवर दोन तारा एकावर एक असतात; खालच्या तारेला गाडीच्या छतावरचा हात घासत जातो. ही तार ऋतूनुसार वरखाली झाली, तर वेगात जाणारा हात सुटेल आणि ठिणग्या उडतील. म्हणून दोन्ही तारांत मिळून २,००० किलोग्रॅम-भार ताण बाराही महिने सारखा हवा. तो कप्प्यांच्या साहाय्याने टांगलेली वजने देतात. कप्प्यांची जुळणी तीनपट असेल, तर सुमारे ६६५ किलोग्रॅम वजन पुरते. उन्हाने तार लांबली की वजने खाली येतात, थंडीने आखडली की वर जातात. ताण मात्र तोच!

पाऊण किलोमीटर तांब्याची तार ३५ अंशांनी तापली, तर सुमारे ४५ सें.मी. लांबते. तीनपट जुळणीत वजने किती खाली येतील? सव्वा मीटरहून अधिक. ही वजने म्हणजे कोणी न वाचलेली एक मोठी तपमापीच आहे.

करून पाहा

(१) गुळगुळीत पेन्सिल आडवी धरा. तिच्यावर दोरा टाकून एका टोकाला दगड बांधा व दुसरे टोक ताणकाट्याला लावा. अर्धा, दीड, अडीच वेढे देऊन दगड अलगद तोलून धरायला किती बळ लागते, ते नोंदवा. प्रत्येक वेळी बळ किती पट घटते?

(२) जवळून रेल्वे जात असेल, तर फलाटावरून किंवा गाडीच्या खिडकीतून दिसणारी एखादी वजनांची चळत निवडा. डिसेंबरात आणि मेमध्ये तिची उंची अंदाजाने टिपा. जवळ मात्र जायचे नाही. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट दाब असतो.

आणि एक गोष्ट प्रयोगाची नाही, पण सर्वांत महत्त्वाची. शिवारात तुटलेली तार दिसली, तर ती मेलेली आहे असे कधीही धरून चालू नका. दूर थांबा, इतरांना थांबवा आणि वीज कार्यालयाला कळवा. आमच्या चुलत्यांना दहा पावलांनी वाचवले. तुम्ही त्याहून अधिक अंतर ठेवा.